एका पातेल्यातील इतिहास : ग्रेनाडाचे 'ऑइल डाउन'

कॅरिबियन बेटांच्या इतिहासाची लिखित साधने विपुल असली, तरी ती एकांगी आहेत. मळेवाल्यांच्या हिशेबवह्या आणि वसाहत-शासनाची कागदपत्रे उपलब्ध आहेत; ज्यांच्या श्रमावर मळे उभे राहिले, त्या आफ्रिकी गुलामांनी स्वतः लिहिलेले मात्र फारच थोडे उरले आहे. अशा वेळी घरगुती स्वयंपाक हे इतिहासाचे साधन ठरू शकते काय, या प्रश्नाचा विचार ग्रेनाडाच्या 'ऑइल डाउन' या राष्ट्रीय पदार्थाच्या आधारे येथे केला आहे.

नीरफणसाच्या फोडी, खारवलेले मांस वा मासे, पिठाचे लांबट गोळे आणि अळूची पाने मोठ्या पातेल्यात एकावर एक रचतात व हळद घातलेल्या नारळाच्या दुधात शिजवतात. दूध आटून तळाशी तेल उरते. त्यावरूनच पदार्थास हे नाव मिळाले. पुष्कळदा तो अंगणात, चुलीवर, शेजाऱ्यापाजाऱ्यांसह केला जातो.

यातील खारवलेला मासा हा मूळचा शिधा होय. उत्तर अमेरिकेतून येणारा हलक्या प्रतीचा मासा गुलामांच्या वाट्याला येई. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धामुळे हा पुरवठा विस्कळीत झाला, तेव्हा स्वस्त अन्न म्हणून ताहितीचा नीरफणस आणण्याच्या मागणीस जोर आला. विल्यम ब्लाय यांचा पहिला प्रयत्न १७८९ मध्ये 'बाउंटी' जहाजावरील बंडामुळे फसला. दुसऱ्या सफरीत, १७९३ साली, रोपे सेंट व्हिन्सेंटला पोहोचली. गुलामांना हे फळ प्रथम रुचले नाही. १८३८ मध्ये पूर्ण मुक्ती मिळाल्यावर मळेवाल्यांचा आग्रह संपला, नीरफणस मात्र टिकला. कॅरिबियनमधील या झाडाच्या फळात बहुधा बी नसते. मुळांना फुटलेले कोंब काढून ते हाताने लावावे लागते. म्हणजेच मुक्त झालेल्या माणसांच्या परसातील झाडामागे कोणाचा तरी निर्णय आहे. लादलेले अन्न येथे निवडलेले अन्न झाले.

कोकणातील वाचकास अळू, नारळ, हळद व नीरफणस पाहून हा स्वयंपाक आपलाच वाटण्याचा संभव आहे. १८५७ ते १८९० या काळात सुमारे ३,२०० भारतीय मजूर करारावर ग्रेनाडात गेले, हेही खरे. तथापि केवळ साम्यावरून मालकी सांगणे इतिहासदृष्ट्या अयोग्य ठरेल. अळू आफ्रिकेतही परिचित होते. नारळ युरोपीय जहाजांनी आणला. आणि हळदीला तर तेथे 'सॅफ्रन', म्हणजे केशर, म्हणतात. मजुरांच्या वंशजांची मूळ भाषाही तेथे जवळजवळ लुप्त झाली.

घटकांचे मूळ शोधल्याने पदार्थाचा इतिहास पूर्ण होत नाही. मळ्याच्या वहीत नीरफणस खर्चाच्या बचतीचे साधन होता. ग्रेनाडाच्या अंगणात तो शेजाऱ्यांना एकत्र आणणारे अन्न आहे. या दोहोंमधील अंतर ज्यांनी कापले, त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांनी घडवलेली रीत मात्र आजही चुलीवर आहे. इतिहासकाराने तिला पुराव्याचा मान द्यावयास हवा.