सांध्यांचें दुखणें, रक्ताचा दोष

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशांत एखाद्या मुलाचे हातपाय सुजून ठणकूं लागले, तर पाहणारास तो संधिवातच वाटावा. परंतु कित्येकदां दोष सांध्यांत नसून रक्तांत असतो. १९१० सालीं शिकागोचे डॉ. हेरिक यांनीं रक्तांतील विळ्याच्या आकाराच्या पेशींचें वर्णन केलें. १९४९ सालीं पॉलिंग यांनीं त्यांचें मूळ हिमोग्लोबिनांत दाखविलें. भारतांत हा दोष १९५२ सालीं निलगिरींत आढळला. पुढें गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं त्याची पाहणी केली. वांकड्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्या अडवितात, म्हणून हाडें ठणकतात. फिकटपणा, डोळ्यांतील पिंवळी झांक, भावंडांतहि तेंच दुखणें, या खुणा रक्ताकडे बोट दाखवितात. त्या ओळखल्या नाहींत, तर साधा ज्वरहि अशा बालकाच्या जिवावर बेततो. म्हणून लेपापूर्वीं रक्ताची तपासणी अगत्याची.