इंदापूरचा बूस्टर आणि पेंटबॉलची टाकी

मंडळी, पेंटबॉलचा स्वतःचा मार्कर घ्यायचं डोक्यात आलं की आपण सगळे मार्करचे फोटो बघत बसतो. खरा प्रश्न असतो टाकीचा. सीओटू घ्यायची की कॉम्प्रेस्ड एअर? तीन हजार पीएसआयची अल्युमिनियमची, की साडेचार हजारची कार्बन फायबरची? तयार उत्तरं ढिगाने मिळतात, पण ती कुठून आली ते फारसं कुणी सांगत नाही. त्या इतिहासाचं एक भावंड चक्क आपल्या बारामती-इंदापूर पट्ट्यात आहे. म्हणून आजचा लेख त्यावर.

हवेच्या दाबावर गोळी मारायची कल्पना खूप जुनी. ऑस्ट्रियाच्या सैन्यात १७८० च्या सुमारास जिरांदोनी नावाची हवाई रायफल आली. तिचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी, लोखंडी पत्र्याची, रिव्हेट मारून आणि झाळून बंद केलेली. ती भरायला हातपंपाचे सुमारे १,५०० झटके! धूर नाही, आवाज कमी, पण टाकी गळायची आणि जोड दगा द्यायचे. १८०४ ते १८०६ च्या अमेरिकेतल्या लुईस-क्लार्क मोहिमेतही एक हवाई रायफल होती. पण नाजूक टाक्यांमुळे हे शस्त्र सैन्यात टिकलं नाही.

पेंटबॉल त्यानंतर दीड-दोनशे वर्षांनी आला. नेल्सन पेंट कंपनीला जंगलातली झाडं लांबून रंगवून खूण करण्यासाठी मार्कर हवा होता. म्हणून आजही त्याला गन न म्हणता मार्कर म्हणतात. २७ जून १९८१ ला न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळ बारा जणांनी पहिला सामना खेळला. जिंकला रिची व्हाइट नावाचा जंगलखात्यातला माणूस, एकही गोळी न झाडता. तेव्हाचे मार्कर बारा ग्रॅमच्या सीओटू काडतुसावर चालायचे.

सीओटू स्वस्त का? कारण तो टाकीत द्रव होऊन बसतो, थोड्या जागेत भरपूर मावतो. पण त्याचा दाब तुमच्या हातात नसतो, हवामानाच्या हातात असतो. शून्य अंशाला सुमारे ३५ बार, वीस अंशाला सुमारे ५७ बार. आणि ३१ अंशांच्या वर तर तो द्रव राहूच शकत नाही. आता बारामती-इंदापूरकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. तिथे उन्हात ठेवलेल्या भरल्या टाकीतला दाब झपाट्याने चढतो आणि सेफ्टी डिस्क फुटण्याची वेळ येते. उलट भराभर गोळ्या झाडल्या की टाकी गार पडते, दाब घसरतो आणि गोळी जवळच पडते. म्हणून नव्वदच्या दशकात खेळाडू आधी नायट्रोजनकडे आणि मग साध्या दाबलेल्या हवेकडे वळले. ही हवा द्रव होत नाही, आणि रेग्युलेटर तिचा दाब सारखा ठेवतो.

पण हवा द्रव होत नाही म्हटल्यावर पुरेशी हवा मावायला दोनशे-तीनशे बार दाब हवा. एवढा दाब पेलून पाठीवर झेपेल अशी टाकी आणायची कुठून? तर ती आली अग्निशमन दलाकडून. पूर्वी अमेरिकेत फायरमनच्या पाठीवरचा श्वसनसंच तीस पौंडांच्या वर जायचा. १९७१ पासून नासाने यावर काम केलं. रॉकेटच्या केसिंगसाठी विकसित केलेलं तंत्र वापरून, आत अल्युमिनियम आणि बाहेर धाग्यांचं वेष्टण अशी ४,५०० पीएसआयची हलकी टाकी तयार झाली. १९७४-७५ मध्ये न्यूयॉर्क, ह्यूस्टन आणि लॉस एंजेलिसच्या दलांनी ती वापरून पाहिली. पेंटबॉलची साडेचार हजारवाली टाकी याच घराण्यातली.

आणि रॉकेटचं केसिंग म्हटलं की इंदापूर तालुका आलाच! सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात कळंब परिसरात ऊस आणि साखर कारखाना उभा केला, तेच वालचंदनगर. कारखान्याच्या कामातून तिथे अवजड इंजिनिअरिंग वाढलं, आणि १९७० च्या दशकापासून वालचंदनगर इंडस्ट्रीज इस्रोसाठी काम करू लागली. १४ जुलै २०२३ ला चंद्रयान-३ घेऊन उडालेल्या रॉकेटच्या एस-२०० बूस्टरचे ३.२ मीटर व्यासाचे भाग इथलेच.

आता थोडं इंजिनिअरिंग, घाबरू नका. भिंतीवरचा ताण म्हणजे दाब गुणिले व्यास, भागिले भिंतीच्या जाडीची दुप्पट. बूस्टरमधला दाब पेंटबॉलच्या टाकीपेक्षा बराच कमी, पण व्यास प्रचंड, म्हणून खास पोलाद लागतं. टाकीचा व्यास वीतभरही नाही, म्हणून ती ३१० बार सोसते. आणखी एक गंमत: सिलिंडरमध्ये घेराच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या दुप्पट असतो. म्हणून सिलिंडर उभा चिरतो, आणि म्हणूनच वेष्टणाचे जास्त वेढे घेराभोवती द्यावे लागतात.

हे गणित जगाने किंमत मोजून गिरवलंय. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटला आणि १८६४ चा बंगालचा कायदा आला. १९०५ मध्ये अमेरिकेत ब्रॉक्टनच्या बूट कारखान्यात बॉयलर फुटून ५८ माणसं गेली, त्यानंतरच्या दशकात तिथली बॉयलर संहिता तयार झाली. आपल्याकडे प्रांतोप्रांतीचे वेगवेगळे नियम जाऊन १९२३ चा देशभराचा कायदा आला. या सगळ्यातून एक साधी पद्धत रुजली: टाकीत पाणी भरून नेहमीपेक्षा जास्त दाब द्यायचा. पाणी जवळपास दबत नाही, त्यामुळे टाकी फुटली तरी स्फोट होत नाही. वालचंदनगरचे भागही जादा दाबाची परीक्षा देऊनच बाहेर पडतात.

तर निवड कशी करायची? नुसती मजा करायची असेल तर ४८ घनइंच, ३,००० पीएसआयची अल्युमिनियम टाकी पुरते. ६८ घनइंच, ४,५०० वालीत तिच्या साधारण दुप्पट हवा मावते, पण ती महाग, आणि कार्बन फायबरचं आयुष्य बहुतेक वेळा पंधरा वर्षांचं. अमेरिकी नियमांनुसार पाण्याची चाचणी साधारण दर पाच वर्षांनी. आपल्याकडे अर्धा लिटरच्या वरची टाकी गॅस सिलिंडर नियम २०१६ मध्ये येते, म्हणजे या दोन्ही. मान्यता देणारी पेसो ही संस्था आपल्या नागपूरचीच. मान्यता नसलेली टाकी परदेशातून बॅगेत घालून आणायचा विचार सोडा. ती इथे कायदेशीरपणे भरून मिळणार नाही.

आणि सेकंडहँड घेत असाल तर रंग आणि ब्रँड नंतर बघा. आधी टाकीच्या खांद्यावरची किंवा लेबलवरची शेवटच्या चाचणीची तारीख वाचा. उलटून गेली असेल, किंवा धाग्यांवर खोल ओरखडा असेल, तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. टाकी आपल्या गालापासून हातभर अंतरावर असते, एवढं लक्षात ठेवा.