‘ऱ्या’ची परीक्षा
विरारजवळच्या अर्नाळ्याचा ‘किनारा’ संगणकावर सहज उमटे. ‘किनाऱ्यावर’ लिहिताच घोटाळा होई. पापणीसारखा तो अर्धा ‘र’ एका प्रणालीवर नीट दिसे, दुसरीवर तुटे.

रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीने २००४ मध्ये ‘लोहित’ फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले. मूळ आरेखन पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. पण नुसता फॉन्ट पुरत नाही, जोडाक्षरे जुळवणारे सॉफ्टवेअरही तितकेच पक्के लागते.

ते काम हार्फबझ या सॉफ्टवेअरचे. २०१२ च्या सुमारास सॉफ्टवेअर विकसक बेहदाद एस्फहबोद यांनी त्यातली भारतीय लिप्यांची जुळणी नव्याने लिहिली आणि देवनागरीचे सुमारे सात लाख शब्द विंडोजच्या युनिस्क्राइब या अक्षरजुळणी-यंत्रणेशी ताडून पाहिले. तफावत हजारात एका शब्दाहूनही कमी निघाली. मराठीवर झालेला हा मोठाच उपकार! फायरफॉक्स, लिब्रेऑफिस आणि अँड्रॉइड आज हार्फबझच वापरतात.