ओळखीचें तारण

‘सावकार’ या शब्दाच्या मुळाशीं ‘साधु’ हा शब्द आहे, हें कोशांत वाचून पुष्कळांस हसूं येतें. ज्या प्रांतांत सावकाराचें नांव काढतांच जप्ती आणि गहाणखत डोळ्यांपुढें उभें राहतें, तेथें ही व्युत्पत्ति थट्टेचीच वाटावयाची. परंतु शब्द बहुधा खोटें सांगत नाहींत. चार माणसांनीं विश्वासानें ज्याच्याकडे पैसा ठेवावा तो साहु, आणि तोच पैसा ज्याला विश्वासानें द्यावा तो त्याचा ऋणको. हा विश्वास प्रथम कोठें होता व पुढें तो कोठें गेला, हा खरा प्रश्न आहे. ज्याला शेत नाहीं, बांधलेला पगार नाहीं, ज्याच्या बापाला गांवांत कोणी ओळखत नाहीं, अशा माणसाला कर्ज कोण देतो व कशाच्या भरंवशावर देतो, याचा शोध घ्यावयाचा तर जुन्नरसारखें दुसरें ठिकाण क्वचितच सांपडेल. कारण येथें परक्यांचें येणें जितकें जुनें आहे, तितकेंच येथील माणसांचें पोटासाठीं परगांवीं जाणेंहि नित्याचें आहे.

जुन्नरभोंवतालच्या डोंगरांत दीडशेंहून अधिक लेणीं आहेत. त्यांतील शिलालेख म्हणजे नाणेघाटानें चाललेल्या प्राचीन व्यापाराची फाटलेली वहीच होय. इरिल नांवाच्या यवनानें येथें पाण्याचीं दोन टाकीं दिलीं. चिट नांवाच्या दुसऱ्या यवनानें भिक्षूंसाठीं भोजनमंडप दिला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें खोदविलें. आणखी एका लेखांत, बांबूचें काम करणारांच्या व कांसारांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याचा उल्लेख आहे. या ठेवीचा अर्थ नाशिकच्या लेण्यांत अधिक स्पष्ट होतो. तेथें नहपानाचा जांवई उषवदात, जो स्वतः शक म्हणजे या देशांत बाहेरूनच आलेल्या लोकांपैकीं होता, त्यानें ३,००० कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेवले. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेंकडा एक या व्याजानें. १,००० दुसरीकडे, दरमहा शेंकडा पाऊण या व्याजानें. त्या व्याजांतून भिक्षूंचीं वस्त्रें व इतर खर्च चालावयाचा होता.

विद्वानांनीं या लेखाची चर्चा बहुतेक दानधर्माच्या अंगानें केली आहे. आम्हांस त्यांतली दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. श्रेणी व्याज देई, तें आकाशांतून पडत नसे. तो पैसा कोणाच्या तरी मागावर सूत होऊन फिरला असला पाहिजे. एकटा कोष्टी राजाच्या जांवयाकडे कर्ज मागावयास गेला असता तर त्याला दारांत कोणी उभें केलें नसतें. पण शंभर कोष्टी एकत्र झाले, आणि राजाचा जांवईच आपला पैसा घेऊन त्यांच्या दारीं आला. वर्षाकांठीं ९ ते १२ टक्के हा दर, आणि तारण कोणतें? श्रेणीचें नांव, एवढेंच. श्रेणीच्या आंत कोण किती कसबी, कोण व्यसनी, कोणाच्या घरीं यंदा लग्न आहे, हें सर्वांस ठाऊक असे. म्हणून आंतला हिशेब ओळखीवर चाले, आणि बाहेरच्या धनकोला केवळ श्रेणी ओळखावी लागे.

श्रेणी काळाच्या ओघांत लोपल्या. मध्यंतरींचीं शतकें ओलांडून आपण एकदम एकोणिसाव्या शतकांत येतों, तेव्हां जुन्नर पेठेंत दुसराच देखावा दिसतो. जुन्नर एके काळीं हातकागदासाठीं प्रसिद्ध होतें. पेशवाईच्या दप्तरांत जुन्नरी कागद मानानें वावरला. शिलालेखांच्या या गांवीं पुढें कागद व्हावा, आणि कागदावरचें खत हेंच कर्जाचें सर्वस्व व्हावें, हा योगायोग मनाला चटका लावतो.

या काळीं दक्षिणेंतल्या खेड्यापाड्यांत मारवाड व गुजराथ येथून आलेले व्यापारी पेढ्या घालून बसले होते. त्यांच्याविषयीं आपल्या वाङ्मयांत कडवटपणा फार. परंतु ते आले कसे, याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. मारवाडांतून निघालेला तरुण बहुधा रिकाम्या हातानें येई. तो प्रथम आपल्याच जातभाईच्या दुकानीं गुमास्ता म्हणून राही. त्याच्याच घरीं जेवी, त्याच्याच ओटीवर निजे, वही लिहावयास शिके. चार-सहा वर्षें तो चोख राहिला कीं तोच धनी त्याला भांडवल देऊन शेजारच्या गांवीं दुकान घालून देई, किंवा आपल्या पतीवर मोठ्या पेढीकडून उधारी मिळवून देई. त्यानें तारण काय दिलें? कांहींच नाहीं. लबाडी केली तर जातींत तोंड दाखवावयास जागा राहणार नाहीं, ही भीति आणि हा आधार, दोन्ही एकाच ओळखीतून आलेलीं. अनोळखी मुलखांत आलेल्या माणसाला उभें करण्याची याहून चांगली व्यवस्था आम्हांस ठाऊक नाहीं. उषवदाताच्या कोष्ट्यांनीं ती लगेच ओळखली असती.

आणि तोच दुकानदार संध्याकाळीं कुणबी दारांत आला म्हणजे दुसराच माणूस होई. स्वतः ज्या न्यायानें तो उभा राहिला, तो न्याय उंबऱ्याबाहेर लागू नव्हता. कुणब्याचा शब्द त्याला नको असे. त्याला हवें असे खत. जुन्या गांवगाड्यांत सावकारालाहि पाटलाचें व पंचांचें तोंड पाहावें लागे. इंग्रजी न्यायालयांनीं ती गरज उरूं दिली नाहीं. न्यायाधीश कागद पाही. कागदावर अंगठा असला कीं काम संपलें. त्यांत १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या खताची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतु ऋणकोच्या बचावाचा होता, परंतु परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनीं जुनें खत फाडून नवें करावयाचें, आणि चढलेलें व्याज मुद्दलांत घालावयाचें, ही रीतच पडली. दरमहा शेंकडा दोन या दरानें घेतलेले १०० रुपये तीन वर्षांनीं १७२ चें नवें खत होत, आणि आणखी तीन वर्षांनीं २९५ रुपयांवर जात. एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज घेतां येऊं नये, हा दामदुपटीचा जुना निर्बंध अशा रीतीनें सहा वर्षांतच निकामी होई. खत बदलतांना रक्कम काय लिहिली, हें वाचतां न येणाऱ्यानें सावकाराच्याच तोंडून ऐकावयाचें!

१२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें बाजारच्या दिवशीं लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. पुणें व नगर जिल्ह्यांत पसरलेल्या या दंग्यांत प्राणहानीपेक्षां कागदांची होळी अधिक झाली. लोकांना माणूस नको होता, त्यांना खत हवें होतें. जुन्नर-आंबेगांवच्या पश्चिमेकडील कोळी मुलखांत मात्र राग याहून तिखट होता. आजच्या आंबेगांव तालुक्यांतील जांभोरीच्या होनाजी केंगल्यानें त्याच्या थोडें आधीं, १८७३ च्या सुमारास, टोळी जमवून सावकारांवर हल्ले सुरू केले. त्यांचीं नाकें कापल्याच्या हकीकती सरकारी गॅझेटियरांतच नमूद आहेत. १८७६ मध्यें होनाजी पकडला गेला. गॅझेटियरकारांनीं त्याला दरोडेखोर म्हटलें, आणि त्याच ओळींत सावकार डोंगरी लोकांना नेहमीं नाडीत असेंहि लिहिलें. दोन्ही विधानें एकत्र ठेवण्यांत त्यांना अवघड वाटलें नाहीं, हें विशेष.

सरकारनें १८७९ त दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा केला. न्यायाधीशाला खतामागें जाऊन मूळ देण्याघेण्याचा हिशेब पाहण्याचा अधिकार मिळाला, कर्जापायीं शेतकऱ्याला तुरुंगांत टाकणें बंद झालें, हप्ते बांधून देतां येऊं लागले. कायदा चांगला होता. पण त्यानें सावकाराचा हात आंखडला, आणि त्या हाताच्या जागीं दुसरा कोणताच हात पुढें केला नाहीं. सावकारानेंहि तोड काढली: कर्जाच्या बदल्यांत गहाणाऐवजीं विक्रीखत लिहून घ्यावयाचें, आणि परत देण्याचा करार केवळ तोंडीं ठेवावयाचा. न्यायमूर्ति रानडे व सर विल्यम वेडरबर्न यांनीं पुरंदर तालुक्यांत शेतकी पेढी काढण्याची योजना मांडली. हिंदुस्थान सरकारनें ती मान्य केली आणि लंडनच्या भारतमंत्र्यानें ती मोडीत काढली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ सालीं आला. पतपेढीच्या सभासदाला जामीन म्हणून दुसरे सभासद द्यावे लागत. म्हणजे श्रेणीचें तत्त्व सरकारी शिक्क्यानिशीं परत आलें असें म्हणावयास हरकत नाहीं. पण पतपेढी बहुधा शेताच्या मालकाची. ज्याचें शेत गेलें, किंवा मुळींच नव्हतें, त्यानें घाट उतरून मुंबई गांठली.

येथून या कथेची उलटी बाजू सुरू होते. आतां जुन्नर-आंबेगांवचा माणूसच परक्या मुलखांतला परका झाला. मुंबईस त्याला कोण ओळखणार? गिरणींत पगार महिना भरल्यावर कांहीं दिवसांनीं हातीं पडे, आणि नव्या माणसाला पहिला दीड महिना खावयाचें काय हाच प्रश्न असे. १९२९ सालीं नेमलेल्या शाही मजूर कमिशनला बहुतेक औद्योगिक शहरांत दोनतृतीयांश तरी मजूर कुटुंबें कर्जांत आढळलीं. रुपयामागें दरमहा एक आणा, म्हणजे सालिना ७५ टक्के, हा दर सर्रास होता. नोकरी देणारा मुकादम कर्ज देई, किराणा दुकानदार देई, आणि पगाराच्या दिवशीं गिरणीच्या फाटकाशीं पठाण सोटा घेऊन उभा राही. पठाणहि दूरदेशींचा. त्याला खत नको, तारण नको, ओळखहि नको. सोटा हेंच त्याचें तारण. मारवाडांतून आलेल्यानें ओळखीच्या जागीं कागद आणला, यानें कागदाच्याहि जागीं काठी आणली. उतार तो एकच.

परंतु गिरणगांवांत आणखी एक व्यवस्था मुकाट्यानें चालत होती, आणि तिचा इतिहास लिहिण्याचे कष्ट फारसे कोणी घेतले नाहींत. एका गांवच्या माणसांनीं मिळून भाड्यानें घेतलेली खोली, एकानें पाळीवर जावें व दुसऱ्यानें त्याच वळकटीवर निजावें, ही तिची जागा. भिशी हा तिचा व्यवहार. बारा जणांनीं दरमहा पांच पांच रुपये काढावे आणि साठ रुपये पाळीपाळीनें एकेकानें उचलावे. पहिल्या महिन्यांत उचलणारा खरोखर कर्ज घेतो, शेवटचा खरोखर ठेव ठेवतो, मधले अर्धे धनको व अर्धे ऋणको. पण भिशींत ‘कर्ज’ हा शब्दच उच्चारला जात नाहीं. पैसे उचलून कोणी पळाला तर? पळेल कोठें? त्याचे आईबाप जुन्नरच्या बाजाराला येतात. जेवणाचे डबे वाहणाऱ्यांची संघटना अशाच पायावर उभी राहिली. तिचा आरंभ १८९० चा मानतात, आणि तिच्यांतील बहुसंख्य माणसें खेड, आंबेगांव, जुन्नर, मावळ, मुळशी या पट्ट्यांतलीं. तेथें माणूस नोकर नसतो, भागीदार असतो. आणि त्याला आंत घेतांना त्याच्या शिक्षणापेक्षां तो कोणाचा कोण हें आधीं विचारलें जातें. या विचारण्याला दुसरी बाजू आहे हें नाकारतां येणार नाहीं. ‘कोणाचा कोण’ याचें उत्तर ज्याच्यापाशीं नाहीं, त्याला खोलीहि नाहीं व भिशीहि नाहीं. ज्या ओळखीचे आम्ही गोडवे गातों, तिचें दार आंतूनच उघडतें.

या सर्वांत आम्हांस सर्वांत विलक्षण वाटते ती खानावळवाली. गिरणी कामगारांना जेवूं घालणारी ही बाई पुष्कळदां स्वतःच परगांवची, कधीं विधवा, कधीं नवऱ्याचें काम सुटलेली. ती दहा-वीस माणसांना महिनाभर उधार जेवण देई, म्हणजे ती धनको. त्यासाठीं दुकानदाराकडून धान्य व तेल उधारीवर घेई आणि अडचणींत मंगळसूत्र गहाण ठेवी, म्हणजे ती ऋणको. वर तिला व्याज भरावें लागे, खालीं ती व्याज लावीत नसे. १९७३-७४ च्या ४२ दिवसांच्या गिरणीसंपांत कामगारांचीं पोटें याच बायकांनीं सांभाळलीं. सावकाराच्या तावडींतून त्यांना सोडविण्यासाठीं प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें. सरकारी झालेल्या बँकांकडे कर्ज मागावयाचें तर तारण हवें. या बायकांपाशीं पातेलीं होतीं, आणि एकमेकींची ओळख होती. म्हणून त्यांचे गट केले, आणि एकीसाठीं सगळ्या गटानें जामीन राहावयाचें असें ठरलें. बँकेनें तें मानलें. बँकेला या बाईची चूल माहीत असण्याची गरज नव्हती. गटाला ती माहीत होती.

पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं मोठा संप सुरू झाला आणि महिने लोटले तरी मिटला नाहीं. कामगार एकेक करून आपल्या गांवीं परतले. कांहीं घाट चढून जुन्नर-आंबेगांवासहि आले असतील. खानावळवाल्यांच्या वह्यांत त्यांच्या नांवापुढें जेवणाचे आंकडे राहिले. त्या वह्यांना मुद्रांक नव्हता, खालीं कोणाचा अंगठा नव्हता. ज्यांनीं जेवलें त्यांचीं नांवें आणि गांवांचीं नांवें मात्र होतीं.