वैद्यकशिक्षणाचे द्वार

मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ साली उघडले. त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांत गोमंतकातील गरीब घरचे भाऊ दाजी लाड होते. पुढे दीर्घकाळ, हुशार पण गरजू मुलास वसतिगृह व फी दिली की ज्ञातिसंस्थांचे कर्तव्य सरे. गुणपत्रिकेवर प्रवेश मिळण्याचे ते दिवस गेले. आता तर 'नीट'वाचून गत्यंतर नाही, आणि तिची महागडी शिकवणी शिष्यवृत्तीच्या रकमेत बसत नाही. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी २०१५ साली 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' हा उपक्रम आरंभिला. भावी डॉक्टरांनीच गरीब मुलांना विनामूल्य शिकविले. मेळघाटच्या आदिवासी मुलांपर्यंतही ते पोहोचले. आम्हां जुन्या शिक्षकांस हे दान द्रव्याहून मोठे वाटते. सावेडीतील आपल्या डॉक्टर बंधुभगिनींनी आठवड्यास दोन तास द्यावेत, ही विनंती.