ब्रह्मांडीय भयकथा

ब्रह्मांडीय भयकथा : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजीत, मुख्यतः अमेरिकन मासिकांतून आकारास आलेला भयकथेचा प्रकार. पारंपरिक भयकथेत भयाला काही कारण असते : कोणाचे तरी पाप, अपुरी राहिलेली वासना, मोडलेला नियम. ब्रह्मांडीय भयकथेत असे कारण नसते. विश्व अफाट व अतिप्राचीन आहे, माणसाविषयी ते पूर्ण उदासीन आहे आणि त्यातील काही सत्ता माणसाची दखलही घेत नाहीत, याची जाणीव होणे हेच तिच्यातील भय. हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट (२० ऑगस्ट १८९०–१५ मार्च १९३७) हा या प्रकाराचा प्रमुख लेखक होय.

पूर्वसूरी : आर्थर मॅकेनची ‘द ग्रेट गॉड पॅन’ (१८९४), रॉबर्ट चेंबर्सचा द किंग इन यलो हा कथासंग्रह (१८९५), अल्जर्नन ब्लॅकवुडची ‘द विलोज’ (१९०७) आणि विल्यम होप हॉजसनची द हाउस ऑन द बॉर्डरलँड ही कादंबरी (१९०८) या महत्त्वाच्या पूर्वकृती. त्यांपैकी ‘द विलोज’ आजही अतुलनीय आहे. डॅन्यूब नदीतील एका वाळूच्या बेटावर दोन प्रवासी रात्र काढतात. भोवती फक्त वाळुंजाची झुडपे, वारा आणि चढते पाणी. एवढ्याशा सामग्रीतून माणसाच्या जगाला खेटून असलेल्या दुसऱ्या जगाची जी चाहूल ब्लॅकवुड देतो, ती पुढे फार थोड्यांना साधली. लॉर्ड डनसेनीच्या कल्पित दैवतकथांचाही (१९०५ पासून) लव्हक्राफ्टवर मोठा प्रभाव होता.

लव्हक्राफ्ट : जन्म व मृत्यू अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स, ऱ्होड आयलंड येथे. वडील व पुढे आई, दोघांचाही अंत एकाच मनोरुग्णालयात झाला. औपचारिक शिक्षण अर्धवट. खगोलशास्त्राची ओढ लहानपणापासून; किशोरवयातच तो स्थानिक वृत्तपत्रांत त्यावर सदरे लिहू लागला. १९२४ मध्ये सोनिया ग्रीनशी विवाह व न्यूयॉर्कमध्ये वास्तव्य. १९२६ मध्ये प्रॉव्हिडन्सला परत. उत्तम कथा या परतीनंतरच्या दशकातील आहेत. उपजीविका मुख्यतः इतरांची हस्तलिखिते सुधारून देण्यावर. त्याने हजारो पत्रे लिहिली.

प्रकाशन व पाठेतिहास : या कथा कशा छापल्या गेल्या हे जाणून घेतल्याखेरीज त्यांचे मूल्यमापन करता येत नाही. हलक्या कागदावर छापलेल्या, भडक मुखपृष्ठांच्या स्वस्त मासिकांतून त्या प्रसिद्ध झाल्या. वीअर्ड टेल्स (स्थापना १९२३) हे त्यांतील प्रमुख. ‘द कॉल ऑफ क्थुलू’ ही कथा तेथे आधी नाकारली गेली आणि फेब्रुवारी १९२८ मध्ये छापली गेली. ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ अमेझिंग स्टोरीजच्या सप्टेंबर १९२७ च्या अंकात आली. तिचे मानधन अवघे २५ डॉलर मिळाले आणि तेही तगाद्यानंतर. अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस ही अंटार्क्टिकावरील लघुकादंबरी १९३१ मध्ये लिहून झाली. वीअर्ड टेल्सचा संपादक फार्न्सवर्थ राइट याने ती परत पाठवली. या नकाराने लव्हक्राफ्टचे लेखन मंदावले. अखेर १९३६ मध्ये अस्टाउंडिंग स्टोरीजने ती तीन हप्त्यांत छापली. पण लांब परिच्छेद तोडले, विरामचिन्हे बदलली आणि शेवटाकडचा काही मजकूर गाळला. हळूहळू चढत जाणारी लय हाच ज्या लेखनाचा प्राण, त्याचे परिच्छेद तोडणे म्हणजे त्याचा श्वास तोडणे होय.

लेखकाच्या हयातीत पुस्तकरूपाने फक्त द शॅडो ओव्हर इन्समथ (१९३६) निघाले, तेही मुद्रणदोषांनी भरलेले. मृत्यूनंतर ऑगस्ट डर्लेथ व डॉनल्ड वॉन्ड्री यांनी आर्कम हाउस ही प्रकाशनसंस्था काढून द आउटसायडर अँड अदर्स (१९३९) हा जाडजूड संग्रह प्रसिद्ध केला. त्याच्या १,२६८ प्रती संपायलाही काही वर्षे लागली. हा खटाटोप झाला नसता, तर या कथा जुन्या मासिकांबरोबर रद्दीत गेल्या असत्या.

हस्तलिखिते मात्र वाचली होती. लव्हक्राफ्टचा तरुण मित्र आर. एच. बार्लो याने ती ब्राउन विद्यापीठाच्या जॉन हे ग्रंथालयाकडे सोपवली. पुण्यात १९५८ मध्ये जन्मलेले आणि बालपणीच कुटुंबासह अमेरिकेत गेलेले सुनंद त्र्यंबक जोशी (एस. टी. जोशी) यांनी ब्राउन विद्यापीठात शिकत असताना हस्तलिखिते, टंकलिखिते व मासिकांतील छापील पाठ ओळीओळीने ताडून पाहिले. त्यांनी सिद्ध केलेले शुद्ध पाठ आर्कम हाउसने १९८४ ते १९८६ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध केले. ‘द शॅडो आउट ऑफ टाइम’चे हरवलेले हस्तलिखित १९९० च्या दशकात सापडले व त्यावरून तयार केलेला पाठ २००१ मध्ये निघाला. जोशी यांचे लव्हक्राफ्ट-चरित्र १९९६ मध्ये, तर त्याची विस्तृत आवृत्ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. मासिकातल्या करमणुकीच्या लेखकाला अभिजात ग्रंथकाराची पाठचिकित्सा मिळावी, हे या प्रकाराच्या इतिहासातील सर्वांत मोठे वळण आहे.

आकर्षण : हे आकर्षण राक्षसांच्या वर्णनांत शोधू नये, ते पुराव्याच्या मांडणीत आहे. वृत्तपत्रांतील कात्रणे, प्राध्यापकांची टिपणे, खलाशाची रोजनिशी, तारांचे मजकूर असे तुकडे निवेदक जुळवत जातो. प्रत्येक तुकडा एकेकटा निरुपद्रवी असतो. सगळे शेजारी ठेवले की भय उभे राहते. ‘द कॉल ऑफ क्थुलू’ पूर्णपणे या पद्धतीवर उभी आहे. निवेदक बहुधा अभ्यासक असतो आणि त्याची ज्ञानलालसाच त्याला गोत्यात आणते. वाचकही त्याच लालसेने पान उलटतो, म्हणून तो निवेदकापासून वेगळा राहू शकत नाही.

दुसरे कारण काळाचे. १९२० च्या दशकात आकाशगंगेबाहेरही आकाशगंगा आहेत हे सिद्ध झाले; पृथ्वीचे वय अब्जावधी वर्षांत मोजले जाऊ लागले; १९३० मध्ये प्लूटोचा शोध लागला. लव्हक्राफ्टने ही मापे भावनेच्या पातळीवर पोहोचवली. प्लूटोच्या शोधाचा तर त्याने ‘द व्हिस्परर इन डार्कनेस’ (१९३१) मध्ये लगोलग उपयोग केला.

‘द कलर आउट ऑफ स्पेस’ ही या प्रकाराची कसोटी मानावी. न्यू इंग्लंडमधील एका शेतात, विहिरीजवळ, उल्का पडते. प्राध्यापक तिचे परीक्षण करतात. ती रोज आकसत जाते आणि तिच्यातील रंग कोणत्याही ज्ञात वर्णपटात बसत नाही. पुढल्या हंगामात फळे टपोरी येतात, पण चवीला कडू. मग गुरे झडतात, झाडे वाऱ्याविना हलतात, घरातली माणसे एकेक करून खचतात. कुटुंबाने कोणताही अपराध केलेला नाही. त्यांच्यावर आले ते दुष्ट आहे की नुसतेच परके, हेही अखेरपर्यंत कळत नाही. कथेत देव नाही, मंत्र नाही, निषिद्ध ग्रंथ नाही; शेतकऱ्याचे घर, पाणी आणि माती एवढेच आहे. लव्हक्राफ्ट स्वतः हिला आपली सर्वोत्तम कथा मानत असे, आणि ते योग्यच होते.

दोष : (१) विशेषणांचा अतिरेक. भयानक, अवर्णनीय, किळसवाणे असे शब्द वाचकावर लादले जातात. गोष्ट दिसण्याआधीच तिच्याबद्दलचे मत सांगितले जाते. एडमंड विल्सन याने १९४५ मध्ये द न्यूयॉर्करमधून केलेली कठोर टीका मुख्यतः यावरच होती व ती बरीचशी रास्त आहे. (२) व्यक्तिचित्रण नाही. निवेदक एकमेकांसारखे बोलतात, संवाद जवळपास नाहीत, स्त्रिया तर नगण्य. (३) पुनरावृत्ती. तोच ग्रंथ, तेच विद्यापीठ, तोच बेशुद्ध पडणारा निवेदक.

(४) वंशद्वेष. हा दोष सर्वांत गंभीर. ब्रुकलिनमध्ये असताना लिहिलेल्या ‘द हॉरर अ‍ॅट रेड हुक’ (प्रसिद्धी १९२७) मध्ये स्थलांतरितांची वस्ती हीच विकृती म्हणून रंगवली आहे. ‘द कॉल ऑफ क्थुलू’मधील पंथीय बहुतेक मिश्रवंशीय आहेत, तर इन्समथच्या कथेचे भय रक्तमिश्रणाचे आहे. पत्रांत हाच द्वेष उघडपणे येतो. उत्तरायुष्यात तो किती निवळला, याबद्दल मतभेद आहेत. ‘त्या काळी सगळेच तसे होते’ हे समर्थन टिकत नाही, कारण त्याच्या पत्रव्यवहारातच त्याला विरोध करणारे मित्र होते. अंटार्क्टिकावरील लघुकादंबरीचा निवेदक अखेरीस तारकाकृती डोक्याच्या परग्रहवासीयांना आपल्यासारखेच अभ्यासक म्हणून ओळखतो व त्यांच्या मरणाने हेलावतो. एवढी सहानुभूती कल्पू शकणाऱ्या लेखकाला शेजारच्या गल्लीतील माणसात माणूस दिसला नाही, ही त्याच्या प्रतिभेची खरी मर्यादा. अज्ञाताचे भय विश्वाकडे वळते तेव्हा त्याचे लेखन मोठे होते. माणसाकडे वळते तेव्हा ते क्षुद्र होते. वर्ल्ड फँटसी पुरस्काराच्या स्मृतिचिन्हासाठी १९७५ पासून वापरला जाणारा त्याचा अर्धपुतळा २०१५ नंतर बदलण्यात आला. या बदलाच्या निषेधार्थ जोशी यांनी आपले पुरस्कार परत केले. व्हिक्टर लव्हॅलने द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम (२०१६) मध्ये ‘रेड हुक’चीच कथा एका कृष्णवर्णीय तरुणाच्या बाजूने सांगितली. मूळ कथेपेक्षा ती सरस आहे.

डर्लेथचा वाटा : लव्हक्राफ्टच्या विखुरलेल्या कल्पनांना डर्लेथने सुसंगत दैवतमंडळाचे रूप दिले व त्यात सुष्ट-दुष्टांचा संघर्ष आणला. मूळ उदासीनतेशी हे विसंगत असल्याची टीका १९७० च्या दशकापासून होत आली आहे.

अन्य माध्यमे : कॉल ऑफ क्थुलू हा भूमिकाखेळ (१९८१) व अनेक चित्रपट.

मराठी संदर्भ : नारायण धारप (१९२५–२००८) यांनी पाश्चात्त्य भयकथेतील अनेक कल्पना मराठी घरा-वाड्यांत आणल्या, त्यांच्या काही कथांत जाणकार वाचकांना लव्हक्राफ्टची छाया दिसते. त्यांची ‘आजी’ ही कथा स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ (१९८४) वर बेतलेली मानली जाते. ‘आजी’च्या आठवणीतूनच राही अनिल बर्वे यांच्या तुंबाड (२०१८) या हिंदी चित्रपटाची कल्पना सुचल्याचे सांगितले जाते. त्यातील ‘हस्तर’ हे नाव अँब्रोज बिअर्सच्या कथेतील मेंढपाळांच्या ‘हास्टुर’ या देवाशी जुळते. बिअर्सकडून ते चेंबर्स, लव्हक्राफ्ट व डर्लेथ असे हातोहात गेले होते.

हास्टुरचे नाव तुंबाडच्या कोकणात पोहोचले, तरी त्यामागचे विश्व पोहोचले नाही. तुंबाडमध्ये शाप आहे, लोभ आहे आणि लोभाची शिक्षा आहे. धारपांच्या ‘समर्थ’ या पात्राच्या कथांत दुष्ट शक्तीला आवर घालणारी सत्शक्ती असते. मराठी भयकथेची ही बलस्थाने आहेत, पण त्यांत विश्व शेवटी न्यायी ठरते. ब्रह्मांडीय भयकथेत उतारा नसतो, गाऱ्हाणे ऐकणारे कोणी नसते. लव्हक्राफ्टचा द्वेष व शब्दबंबाळपणा टाकून तिच्यातील हा निरुपाय तेवढा घेता येतो, हे ‘कलर’ आणि ‘विलोज’ या दोन कथांनी दाखवून दिले आहे. मराठी लेखकाने आधी त्याच वाचाव्यात.