'माणसे मिळत नाहीत' : ऊसतोडीच्या मजुरीचा तुलनात्मक इतिहास

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात अंकुशनगर ही वसाहत आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाचे उद्घाटन २४ फेब्रुवारी १९७६ रोजी झाले. त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी या भागास मिळाले आणि ज्वारी-कापसाच्या मुलखात ऊस उभा राहिला. उसाबरोबर एक वाक्यही येथे रुजले. हंगामाच्या तोंडावर ते दरवर्षी ऐकू येते : 'तोडीला माणसे मिळत नाहीत.' आणि त्याच सुमारास अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतील कुटुंबे बिऱ्हाड बांधून पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊस तोडावयास निघतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वरील वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे. अर्थाच्या दृष्टीने ते अपुरे आहे. माणसे कोणाला मिळत नाहीत, कोणत्या दराने मिळत नाहीत, किती काळासाठी आणि कोणत्या अटींवर मिळत नाहीत, ही सर्व पदे त्यात अध्याहृत आहेत. ही अध्याहृते भरून काढावयाची तर ऊसशेतीच्या इतिहासात थोडे दूर जावे लागते.

मॉरिशस बेटावर १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. मुक्त झालेल्या लोकांना काही वर्षे जुन्याच मालकांकडे उमेदवारीच्या नावाखाली राबावे लागले. १८३९ मध्ये तेही बंधन सुटताच त्यांतील बहुसंख्यांनी उसाचे मळे सोडले. मळेवाल्यांची तक्रार अशी की, बेटावर माणसे मिळत नाहीत. वस्तुतः माणसे बेटावरच होती. पूर्वीच्या अटींवर राबावयास ती तयार नव्हती, इतकेच. या तक्रारीचा पूर्वरंग म्हणूनच २ नोव्हेंबर १८३४ रोजी हिंदुस्थानातील करारबद्ध मजुरांना घेऊन 'अ‍ॅटलस' हे जहाज तेथे पोहोचले होते. पुढे सुमारे साडेचार लाख माणसे या बेटावर गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी भाषकही होते आणि त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात. ज्या कागदावर या मजुरांचा अंगठा घेतला जाई, त्या अ‍ॅग्रीमेंटचे लोकांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. गिरमिटाखाली मजूर एका मळ्याशी बांधला जाई. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. टोळीवर देखरेख करणाऱ्यास 'सिरदार' म्हणत, आणि मायदेशी येऊन नवी माणसे जमविण्याचे कामही पुष्कळदा तोच करी.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, तेथील शेतमालकांसाठी बहामा, जमैका इत्यादी वेस्ट इंडियन बेटांतून मजूर आणण्यात येऊ लागले. १९५२ च्या कायद्याने या प्रथेला 'एच-२' या परवान्याचे रूप दिले. देशात काम करण्यास समर्थ असे बेकार लोक सापडत नसतील तरच तात्पुरता परदेशी मजूर आणावा, असे त्या कायद्याचे तत्त्व होते. स्थानिकांच्या मजुरीवर त्याचा अनिष्ट परिणाम होऊ नये, अशीही अट पुढे जोडली गेली. १९८० च्या दशकात दरवर्षी आठ ते दहा हजार वेस्ट इंडियन मजूर फ्लोरिडातील ऊस तोडीत. परवाना ज्या मालकाच्या नावे असे त्याच्याकडेच काम करणे भाग होते. काम सोडले की देश सोडावा लागे. स्थानिक मजुरास मात्र न पटल्यास दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जाता येई. अशा दोघांतून मालकाची पसंती कोणास मिळेल, हे उघड आहे. पुढे मजुरीच्या हिशेबावरून न्यायालयीन वाद उभे राहिले आणि शतक संपण्यापूर्वी तेथील तोड बहुतांशी यंत्रांकडे गेली.

आता अंकुशनगरकडे वळता येईल. मराठवाड्यातला मजूर सांगली-कोल्हापुरास जातो तेव्हा त्याला परवाना लागत नाही. तो स्वतःच्याच राज्यात असतो. परंतु त्याची भाषा पाहिली तर परवान्याचे काम कोण करते ते कळते. तो शब्द म्हणजे 'उचल'. उचलणे या साध्या क्रियापदापासून झालेल्या या नामाचा अर्थ हंगामापूर्वी घेतलेली आगाऊ रक्कम. ती जोडप्यामागे पन्नास हजारांपासून लाखापर्यंत आणि क्वचित त्याहूनही अधिक असते. ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. नवराबायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. माणसांची गणना हत्याराच्या नावाने होते. कामाचा दिवस चुकला की 'खाडा' पडतो व त्याचा दंड उचलीत मिळविला जातो. मॉरिशसच्या मळ्यातील दुप्पट कपातीशी खाड्याचे साम्य सांगावयास नकोच. उचल वाटणारा तो 'मुकादम'. हा शब्द अरबी. मूळ अर्थ पुढे असलेला. जुन्या कागदपत्रांत मुकद्दम म्हणजे गावचा पाटील. आज तो टोळीचा पुढारीही आहे आणि सावकारही.

यावरून मालकपक्षाची अडचण खोटी ठरते असे मात्र नव्हे. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातील साखर उतरते. कारखान्याला दिवसरात्र सारखा पुरवठा हवा असतो. एकाच टोळीची उचल दोन-दोन कारखान्यांकडून घेऊन नाहीसे झालेल्या मुकादमांमुळे कारखान्यांचे पैसे बुडालेले आहेत. सर्वांत अधिक कोंडी शेतकऱ्याची होते. २०२१-२२ च्या हंगामात जालना, बीड व शेजारच्या जिल्ह्यांत मे महिना उलटला तरी ऊस उभा होता. शासनाला दूरच्या वाहतुकीसाठी अनुदान द्यावे लागले व अन्यत्रची तोडणीयंत्रे मराठवाड्यात आणावी लागली. त्या उन्हाळ्यात वाळत चाललेल्या फडापुढे उभ्या असलेल्या शेतकऱ्यास मजुरांची टंचाई ही केवळ मालकांची सबब आहे असे सांगणे क्रूरपणाचे झाले असते.

तथापि टंचाईचा उपाय मजुरीच्या दराशी जोडलेला आहे, हे अनुभवाने दिसते. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ व मजूर संघटना यांच्यात झालेल्या तडजोडीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. संप टाळण्यासाठी जी वाढ देता आली, ती माणसे टिकविण्यासाठी आधी देता आली नसती काय, असा प्रश्न यातून उद्भवतो. दुसरीकडे २०२३ मध्ये राज्यात नऊशे तोडणीयंत्रांसाठी अनुदानाची योजना आली. यंत्रासाठी सरींमध्ये रुंद अंतर लागते, लहान तुकड्यांत ते वळत नाही. म्हणून कोयता लगेच नाहीसा होईल असे नाही. पण फ्लोरिडाचा इतिहास पाहता यंत्राची चाहूल लागण्यापूर्वीच मजुरांच्या हक्कांची नोंद होणे इष्ट, कारण यंत्र आल्यावर त्यांच्या मागणीला ऐकणारा उरत नाही.

या तुलनेतून एक फरक विशेष ध्यानात येतो. परदेशी मजूर आणणाऱ्या अमेरिकन मालकाला निदान कागदोपत्री सिद्ध करावे लागे की, देशात माणूस मिळत नाही आणि बाहेरचा आणल्याने स्थानिकाची मजुरी घटणार नाही. त्या सिद्धतेत पळवाटा होत्या, पण प्रश्न विचारला जात होता. महाराष्ट्रात मजूर एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जातो, म्हणून हा प्रश्न कोणी विचारीत नाही. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित मजूर कायदाही कर्नाटकात जाणाऱ्यापुरताच लागू पडे. सांगलीस जाणारा त्याच्या कक्षेबाहेर राही.

'माणसे मिळत नाहीत' या वाक्यातील अध्याहृते आता भरता येतात. उचलीच्या बंधनात, खोपीत राहून, खाड्याच्या धाकाखाली, पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणारी माणसे ठरलेल्या दरात मिळत नाहीत. वाक्य असे पूर्ण लिहिले म्हणजे त्यातील कोणती अट बदलावयाची यावर शेतकरी, कारखाना व मजूर यांना एकत्र बसून बोलता येईल. कारखान्यापासून दोन कोसांवर राहणारा मजूर संध्याकाळी घरी परतू शकेल अशी तोड कोणत्या दराने परवडते, हा हिशेब अंकुशनगरात मांडून पाहण्यासारखा आहे.